हजेरीतले आडनाव

दिवाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, फराळाची ताटे निम्मीअधिक रिकामी झाली आणि पाहुणेमंडळी ओसरीवर पाय पसरून बसली, की आमच्या घरी एक खेळ हमखास रंगतो. तो आडनावांचा. कोणी तरी म्हणतो, साखरे, तुपे आणि गव्हाणे एका आळीत राहात असतील तर त्यांना दिवाळीला वाण्याकडे जायचे कारण नाही. दुसरा लगेच आकड्यांवर येतो: पाचपुते, सातपुते, अष्टपुत्रे. आमच्या मामांचा या खेळात हातखंडा आहे. दहातोंडे आणि सहस्रबुद्धे शेजारी राहायला आले आणि त्यांचे भांडण जुंपले, तर जिंकेल कोण, असा प्रश्न ते दरवर्षी टाकतात आणि आम्ही दरवर्षी नव्याने हसतो. मग पोरे कोल्हे, लांडगे, वाघमारे यांची एक जत्राच भरवतात आणि चहाची दुसरी फेरी येईपर्यंत ती उठत नाही.

यंदा मात्र या खेळात माझे मन रमायचे नाही, हे मला आताच दिसते आहे. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास बसलो आहे.

मी शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. त्यामुळे शब्दांची व्युत्पत्ती सांगणे हा माझा अधिकार नव्हे. पण आडनावांशी माझा संबंध दुहेरी आहे. सकाळी अकराला मी हजेरी घेतो तेव्हा इतरांनी दिलेली आडनावे वाचतो, आणि रात्री कादंबरी लिहायला बसतो तेव्हा माझ्या पात्रांना मीच आडनावे देतो. या दुसऱ्या कामात मी किती निष्काळजी होतो, हे माझी पहिली कादंबरी छापून झाल्यावर कळले. नायकाला मी भारदस्त आडनाव दिले होते, सावकाराला दिले होते, तालुक्याच्या वकिलालाही दिले होते. तीनशे पाने राबणाऱ्या गड्याला मात्र आडनावच नव्हते. कोणा वाचकाने त्याची विचारणा केली नाही, आणि मलाही ते सुचले नाही.

आडनाव ही वस्तू वाटते तितकी प्राचीन नाही. गावात माणूस ओळखला जाई तो बापाच्या नावाने, वतनाने, धंद्याने, नाही तर एखाद्या व्यंगाने. पाटीलकी करणारा पाटील, हिशेब ठेवणारा कुलकर्णी, पत्रे लिहिणारा चिटणीस. गाव सोडून गेला की नव्या गावात तो जुन्या गावचा ‘कर’ होई. पुढे इंग्रजी अमदानीत शाळा, पलटण आणि कोर्ट यांच्या वह्यांत एक रकाना आला, आणि त्या दिवशी लोक ज्याला जे म्हणत होते ते त्या रकान्यात जाऊन कायमचे बसले. कोणाचा मान बसला, कोणाची थट्टा बसली.

आमच्या सातारा-सांगलीकडची काही आडनावे पाहा. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या वतनाने त्यांना नवे नाव दिले. येडेमच्छिंद्र गावचे, १९०० साली जन्मलेले आणि पुढे साऱ्या जिल्ह्यात प्रतिसरकारचा दरारा बसवणारे क्रांतिसिंह नाना पाटील हे घराण्याने पिसाळ. म्हणजे आज जे दगडावरच्या रेघेसारखे वाटते, ते कधी काळी ओल्या मातीवर ओढलेले होते. बदलणे ही आडनावाची जुनी रीतच आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की बदलायचे कोणी, आणि कोणासाठी.

हा प्रश्न माझ्या दारी सतरा-अठरा वर्षांपूर्वी जून महिन्यात आला. पाऊस नुकता लागला होता. एक शेतकरी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन शाळेत आला. मुलाच्या अंगावर नवा सदरा होता, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. मी दाखलवही उघडली आणि आडनाव विचारले. बापाने ते सांगितले, पण असे, की जणू उसने पैसे मागतो आहे.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. ते इतके विरळ आहे, की लिहिले तर बोट थेट एका घरावर जाईल. त्या वेळी दोन्ही जिल्हे मिळून त्याची चार घरे होती, असे तो बाप म्हणाला, आणि ती चारही एकमेकांची भाऊबंद. एवढेच सांगतो, की त्याचा अर्थ एका जनावराशी जातो, आणि ते जनावर वाघ-सिंहांपैकी नव्हे. त्याच्या पणजोबाच्या पणजोबाला कोणी तरी चिडवण्यासाठी हे नाव पाडले, असे त्यांच्या घरात सांगत. पाडणारा मेला, ज्याला पाडले तो मेला, नाव तेवढे राहिले.

“गुर्जी,” तो म्हणाला, “पोराचं आडनाव तेवढं गावावरनं लिवा. मी साळंत चार वर्सं काढली. पोरं त्या जनावराचा आवाज काढायची. म्या साळा सोडली ती त्याच्यापायी. ह्येची तरी सुटू नये.”

मी तेव्हा तिशीच्या अलीकडचा होतो आणि नियमांवर माझी श्रद्धा होती. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत जे आडनाव आहे तेच दाखलवहीत येईल, असे मी त्याला सांगितले. तेही खरेच होते. पण तेवढ्यावर थांबलो नाही. वर एक भाषणही दिले. वाडवडिलांच्या नावाची लाज कशाला बाळगता, नावात काय आहे, माणसाने कर्तृत्वाने मोठे व्हावे, असे बरेच काही. तो ऐकून घेत होता. शेवटी “बरं गुर्जी” म्हणाला आणि मुलाचा हात सोडून पावसात निघून गेला.

त्या दिवशी मला आमच्याच जिल्ह्यातला एक दुसरा मास्तर आठवायला हवा होता. आठवला नाही, तो पुढे आठवला.

साताऱ्याच्या राजवाड्यात तेव्हा सरकारी हायस्कूल भरे. पुढे त्यालाच प्रतापसिंह हायस्कूल म्हणू लागले. त्या शाळेच्या दाखलवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीची एक नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. ती वही शाळेने जपून ठेवली आहे, आणि २०१७ सालापासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलाचे घराणे सकपाळांचे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळचे आंबडवे, म्हणून गावावरून आंबडवेकर. आणि ‘आंबेडकर’? ते त्या शाळेतल्या एका शिक्षकाचे आडनाव. कृष्णाजी केशव आंबेडकर हे त्यांचे नाव. मुलाचे लांबलचक आडनाव त्यांना उच्चाराला अवघड वाटले, मुलावर त्यांचा जीव होता, आणि त्यांनी आपले आडनाव त्याला दिले, अशी हकिकत बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. हेच मास्तर मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतले त्या मुलाला रोज देत. बाबासाहेबांनी मोठेपणी त्यांची आठवण प्रेमाने काढली.

ही गोष्ट मी अनेकदा वर्गात सांगितली आहे. सांगताना शिक्षक म्हणून छाती थोडी फुगतेही. एका मास्तराने लेखणीच्या एका फटकाऱ्याने केवढे काम केले, असे मनात येते. पण तिच्याच शेजारची दुसरी गोष्ट मी बरीच वर्षे सांगत नसे, कारण ती सांगितली की छाती फुगत नाही.

त्याच शाळेत त्याच मुलाला बसायला वेगळे गोणपाट होते, आणि ते त्याने घरून आणायचे व घरी न्यायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. ‘आंबेडकर’ हे नाव वहीत लागले म्हणून नळ उघडला नाही.

आणि मग मसूर. १९०१ च्या सुमाराची ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. तिथे तलावाची खोदाई चालू होती. सुट्टीत मुले त्यांना भेटायला आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. नवे कपडे, टोप्या. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारले, तुम्ही कोण? मुलांनी खरे सांगितले, आणि त्या गृहस्थांचा चेहरा पालटला. मग बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची, आणि गाडीवान बाजूने चालणार. रात्र झाली, घसा कोरडा पडला. टोलनाक्यावर पाणी मागताना आपण मुसलमान आहोत असे सांगा, असे गाडीवानाने सुचवले. त्या दहा वर्षांच्या मुलाने तसे सांगून पाहिले. तरीही पाणी मिळाले नाही.

ही हकिकत वाचताना माझे लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. स्टेशनमास्तरांनी आडनाव विचारले असते तर त्यांना एक बिनधोक कोकणी आडनाव ऐकू आले असते. त्यांना ते नकोच होते. “तुम्ही कोण” या प्रश्नाला त्यांना ज्या उत्तराची भीती होती, ते आडनावाच्या मागे दडलेले होते. आंबेडकर मास्तरांनी मुलाला चांगली वस्तू दिली, यात शंका नाही. पण एका माणसाने दिलेले नाव साऱ्या रस्त्याला पुरत नाही. रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाने ते मान्य करावे लागते.

इथे कोणी म्हणेल, की पुढे तेच आडनाव केवढे मोठे झाले! खरेच आहे. त्या मास्तरांच्या हयातीत हे आडनाव कोकणातल्या काही घरांपुरते असेल. आज ते विद्यापीठांच्या कमानींवर आहे, गावोगावच्या चौकांवर आहे. आडनाव विरळच राहिले, पण ते न ऐकलेला माणूस देशात सापडणार नाही. तसेच फुल्यांचे. खटाव तालुक्यातल्याच कटगुणचे हे घराणे, मूळ आडनाव गोऱ्हे. गोऱ्हा म्हणजे खोंड. पुण्यात जाऊन पेशव्यांना फुले पुरवण्याचा धंदा घरात आला, आणि गिऱ्हाइकांनी त्यांना फुले केले. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांनी आणि नायगावच्या सावित्रीबाईंनी त्या शब्दात एवढा अर्थ ओतला, की आता ‘फुले’ म्हटले की आधी शाळा आठवते आणि मग बाग.

घोरपड्यांचेही तेच. घोरपड हे भिंतीला चिकटणारे, सरपटणारे जनावर. तिच्या कमरेला दोर बांधून पूर्वजांनी किल्ला सर केला, अशी कथा सांगतात. संताजी घोरपड्यांनी मोगलांना इतके पळवले, की या आडनावाला हसायची छाती कोणाला झाली नाही. मग माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आडनावाने काय पाप केले होते? त्याचेही जनावर, घोरपड्यांचेही जनावर. फरक शब्दकोशात सापडणार नाही. एकाच्या मागे घोडदळ उभे होते, आणि दुसऱ्याच्या मागे दीड एकर जिराईत.

म्हणून “कर्तृत्वाने नाव मोठे करावे” हे जे भाषण मी त्या बापाला ऐकवले, त्याची आज मला लाज वाटते. सल्ला खोटा नाही. पण तो सहा वर्षांच्या मुलाला द्यायचा नव्हे. लोकांनी आपल्याला हसू नये, एवढ्यासाठी प्रत्येक पोराने संताजी व्हावे काय? ज्याला कसलेही पराक्रम करायचे नाहीत, नुसते दोन अंकी बेरीज शिकायची आहे, त्याला आपले नाव शांतपणे ऐकण्याचा हक्क नाही काय?

नाव बदलून देणे हा दुसरा मार्ग. तोही आमच्या जिल्ह्याने पाहिला आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुसा’ नाव ठेवलेल्या दोनशेहून अधिक मुलींना २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. दिवाळीच्या तोंडावरच. फार चांगले काम झाले. त्या मुलींनी स्वतः नावे निवडली, हे तर त्याहून चांगले. पण मी मास्तर असल्यामुळे माझ्या मनात दुसऱ्या दिवशीची सकाळ येते. नवे नाव घेऊन ती पोर घरी गेली, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या आजीने तिला कशी हाक मारली असेल? त्या हाकेतले ‘नकोस’ गेले असेल, तर समारंभ खरा झाला.

आणि आपल्या घरातल्या बायका? लग्नाच्या दिवशी निम्मे घर आडनाव बदलते, त्याबद्दल आपण कधी निबंध लिहीत नाही. माझ्या आईला मी एकदा विचारले, तुला माहेरचे आडनाव आठवते का? ती म्हणाली, “आठवायला विसरले कधी होते?” पुढे ती पोह्यांत मीठ घालू लागली.

आता त्या मुलाचे. नियम माझ्या बाजूला होता, म्हणून वहीत मी जुनेच आडनाव लिहिले. ते एक वेळ क्षम्य आहे. क्षम्य नाही ते पुढचे. मी रोज हजेरी पूर्ण नावाने घेत असे. त्याचे आडनाव आले की मागच्या बाकावरून बारीक आवाज निघे. मी डोळे वटारीत असे. वर्ग चूप होई. एके दिवशी पाऊस जोराचा होता, वर्गात अंधार होता, आणि मागून तो आवाज इतका हुबेहूब आला, की मीही हसलो. पोटातून हसलो. वर्गाला परवानगी मिळाली. तो मुलगा उभा होता, “हजर” म्हणायचे राहून गेले होते. मी त्याला हजर मांडला आणि पुढचे नाव वाचले.

दाखलवहीला हात लावण्याचा अधिकार मला नव्हता. पण नुसत्या पहिल्या नावाने हाक मारायला मला कोणत्या कायद्याने अडवले होते? हजेरी माझ्याच आवाजात होत होती. माणसाचे आडनाव कागदावर राहते हे खरे, पण ते टोचते किंवा गोंजारते ते हाक मारणाऱ्याच्या तोंडून. त्या बापाने माझ्याकडे अक्षरांचा बदल मागितला होता. तो देता येत नव्हता, तर निदान माझा आवाज द्यायचा होता. आंबेडकर मास्तरांनी मुलाला नाव दिले हे जगाला आठवते. मधल्या सुट्टीतली शिदोरी मला आता अधिक मोठी वाटते, कारण तिला कोणत्याही वहीची गरज नव्हती. ती माझ्याही डब्यात होती.

मुलगा शाळा सोडून गेला नाही. शिकला, पुढे कराडच्या बाजूला नोकरीला लागला. गेल्या महिन्यात आठवड्याच्या बाजारात त्याचा बाप भेटला. केस पिकले होते. मीच ओळख दिली आणि मुलाची चौकशी केली.

“बरा हाय,” तो म्हणाला. “आडनाव बदललं त्यानं. रीतसर. राजपत्रात छापून आलंय. आता गावावरनं लावतो.”

“तुमच्या मनासारखं झालं म्हणायचं,” मी म्हणालो.

तो थोडा वेळ समोरच्या कांद्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. “व्हय, झालं की. माझ्या मनासारखंच झालं. पर गुर्जी, आता रेशनकार्डावर घरात दोन आडनावं. त्याचं एक, माझं एक. म्या कुठं बदलू आता ह्या वयात? त्यो सुटला. त्याचं बरंच झालं. म्या मागं ऱ्हायलो.” मग हसून म्हणाला, “चारांतली आता दोनच घरं उरली. आमी गेलो की संपलं त्ये.”

एक विरळ आडनाव संपत आले आहे. त्याचे दुःख करावे का, हे मला ठरवता येत नाही. थट्टेतून जन्मलेला शब्द गेला तर भाषेचे काय बिघडले, असे एक मन म्हणते. दुसरे मन म्हणते, की त्या शब्दाखाली सात पिढ्या नांगर धरून जगल्या, त्यांची दुसरी कोणतीही खूण कुठे नाही. तो शब्द जातो आहे तो नको म्हणून जात नाही. आम्ही तो नीट उच्चारू शकलो नाही म्हणून जातो आहे. आणि तो मुलगा आपले नाव टाकून मोकळा झाला, यात विजय त्याचा असेलही. पण मागच्या बाकाचाही आहे, आणि टेबलामागच्या खुर्चीचाही.

मी त्या बापाची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते त्याला कळले नाही. पावसाच्या दिवशीचे हसणे त्याच्या मुलाने घरी सांगितले नव्हते. मी सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “हसला आसाल. समदीच हसायची.” आणि पिशवी उचलून चालू लागला. मी मागून त्याला हाक मारली. त्याच्या आडनावाने, पुढे ‘राव’ लावून, भर बाजारात, मोठ्याने. आजूबाजूचे दोघे-तिघे वळून पाहू लागले. तोही वळला.

“दिवाळीला घरी या,” मी म्हणालो.

येतो म्हणाला आहे. म्हणून सांगतो, यंदा आमच्या ओसरीवर आडनावांचा खेळ होईल की नाही, मला ठाऊक नाही. मामांना मी काही बोललेलो नाही. दहातोंडे-सहस्रबुद्ध्यांचे भांडण त्यांनी खुशाल लावावे; त्यात कोणाला दुखत नाही. पण पाहुणा उंबऱ्यात आला की मी उठून त्याचे पूर्ण नाव घेणार आहे आणि घरातल्या मुलांना त्याच्या पाया पडायला सांगणार आहे. मुले त्याचे आडनाव ऐकून माझ्या तोंडाकडे बघतील. मास्तर हसतात का, हे पोरे आधी बघतात.